लेदरबॅक आणि आपली पंचगंगा

प्रिय बाळा,

मेसेज वाचला तुझा. कोल्हापुरात समुद्र नाही मग लेदरबॅक कासवावर प्रोजेक्ट कसा करायचा म्हणून खट्टू झालीयस, ते आधी डोक्यातनं काढ. आणि पहिल्या पानावर तू नुसते रेकॉर्ड लिहिलेयस, सगळ्यात मोठं कासव, १२०० मीटरच्या खाली बुडी मारतं वगैरे. बरोबर आहे गं, पण हे त्याला जमतं कसं ते विचारल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

आता बघ, कासव म्हणजे थंड रक्ताचं असं आपण शाळेत शिकलो आणि हे तर पार कॅनडाजवळच्या गार पाण्यात खायला जातं. भलंमोठं अंग, चरबीचा थर आणि सतत पोहणं, म्हणून ऊब टिकते, शिवाय वल्ह्यासारख्या पायांत धमन्या आणि शिरा एकमेकींना लागून असतात, बाहेर जाणारं गरम रक्त आत येणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब देऊन टाकतं, पाण्यात फार वाया जात नाही. मला हा भाग लय भारी वाटतो. याची आकृती स्वतःच्या हातानं काढ, नेटवरची चिकटवू नकोस.

खाणं मुख्यतः जेलीफिश, त्यात बहुतेक पाणीच, म्हणून ढीगभर खावं लागतं. घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळं पाणी बाहेर टाकताना जेलीफिश निसटत नाही. पण प्लॅस्टिकची पिशवी गिळली तर तीही सहज बाहेर येत नाही.

इथं आपलं कोल्हापूर येतं बघ. कोकण एवढं जवळ असून आपलं पाणी तिकडं जात नाही, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, कृष्णा बंगालच्या उपसागराला, आणि त्याच्या पलीकडं अंदमान-निकोबार, भारतात लेदरबॅक अंडी घालतात ते तिथंच, लिटल अंदमानला, ग्रेट निकोबारच्या गलाथिया खाडीला. पूर ओसरला की पंचगंगा घाटावर अडकलेलं प्लॅस्टिक मोज, प्रकार लिहून काढ. ते कासवाच्या पोटात गेलं असं मात्र लिहू नकोस, तेवढा पुरावा तुझ्याकडं नाही.

मार्चमध्ये जमलं तर कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जा. तिथं ऑलिव्ह रिडले जातीची कासवं असतात, लहान आणि कडक पाठीची, लेदरबॅकची पाठ कातड्याची, त्यावर सात उभ्या कडा, तर दोन्हींचा फरक लिही. पिल्लांवर मोबाईलचा उजेड टाकू नकोस, ती भरकटतात.

आकृती झाली की फोटो पाठव, शिरा-धमन्यांचे बाण उलटसुलट झालेत का बघतो.

तुझे सर