उर्दू म्हणजे तुर्कीत 'सैन्य' ना? मग ती छावणीतल्या शिपायांची भाषा, हे खरं का?

आजच्या तुर्कीत 'ओर्दू' म्हणजे लष्कर, हे बरोबर. पण ही या शब्दाची एक फांदी झाली. बुंधा वेगळा आहे: ओर्दू म्हणजे राजाचा मुक्काम.

मंगोलियात ओरखोन खोऱ्यात इ. स. 732 चा क्युल तिगिनचा शिलालेख आहे. क्युल तिगिन हा जुन्या तुर्कांचा राजपुत्र. त्यात त्याचा भाऊ, म्हणजे तुर्कांचा सम्राट बिल्गे खागान सांगतो, की ओगुझ टोळ्यांनी ओर्दूवर छापा घातला तेव्हा क्युल तिगिनने पांढऱ्या घोड्यावरून नऊ जणांना भाल्याने भोसकलं, ओर्दू हातचा जाऊ दिला नाही. तो नसता तर आई, सुना, घरातल्या सगळ्या बायका बटकी झाल्या असत्या, असंही तो म्हणतो. म्हणजे ओर्दूत राजाचा अख्खा कुटुंबकबिला होता. पुढे अकराव्या शतकात महमूद अल-काशगरीने आपल्या तुर्की भाषांच्या कोशात ओर्दूचा अर्थ राजाचं निवासस्थान असाच दिलाय, आणि मध्य आशियातल्या काश्गर शहराचं एक नाव 'ओर्दू-केंद' म्हणून नोंदवलंय.

कझाकमध्ये हा अर्थ अजून टिकून आहे. किझिलओर्दा हे शहर 1925 ते 1929 सोव्हिएत कझाकस्तानची राजधानी होतं. नावाचा अर्थच 'लाल राजधानी'. कझाकस्तानची राजधानी अस्तानातला राष्ट्राध्यक्षांचा महाल म्हणजे 'अक ओर्दा', पांढरा महाल. किरगिझांचा 'ओर्दो' तर खेळ आहे: रिंगणात मेंढीच्या घोट्याची हाडं मांडायची, त्यातलं एक खान, आणि नेम धरून त्यांना बाहेर उडवायचं. मंगोल भाषेतही हा शब्द महालासाठीच चालतो. युरोपात मात्र तो पोलिशमध्ये 'होर्दा' झाला आणि इंग्रजीत 'होर्ड' म्हणजे रानटी झुंड! मार खाल्लेल्यांनी शब्द उचलला की असंच व्हायचं.

आता आपल्याकडे. मुघल बादशहा फिरतीवर असला की दरबार, जनाना, बाजार, टांकसाळ सगळं बरोबर निघायचं. अकबराच्या काही नाण्यांवर टांकसाळ म्हणून चक्क 'उर्दू' लिहिलंय. औरंगजेब 1681 नंतर दख्खनेत उतरला तोही असाच, राजधानी पाठीवर घेऊन. शाहजहानाबादला, म्हणजे जुन्या दिल्लीला, 'उर्दू-ए-मुअल्ला', म्हणजे थोर बादशाही मुक्काम, म्हणत. तिथली बोली ती 'जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला'. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचं नुसतं 'उर्दू' उरलं. तेव्हा शिपायांच्या खिचडीतून भाषा जन्मली ही गोष्ट निदान या नावावरून तरी सिद्ध होत नाही. नाव बादशाही शहराचं आहे.