गावच्या युद्धफलकावरचा ऑइलपेंट

प्रश्न : आमच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा संगमरवरी फलक आहे. गावातून किती जण लढाईवर गेले आणि किती कामी आले, एवढेच त्यावर कोरले आहे. चावडी रंगवताना त्यावर ऑइलपेंट बसला. तो कसा काढावा? आणि त्या शिपायांची नावे कुठे मिळतील?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : फरशीचे ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यांतले काहीही लावू नका. संगमरवर आम्लात विरघळतो, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि ते नुकसान कधीच भरून येत नाही. तारेचा ब्रश आणि पॉलिशपेपरही नकोच.

आधी फोटो काढा. अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीलगत धरून तिरपा उजेड टाकला, की रंगाखालची खोदाई सावलीने उठून दिसते. मजकूर आकड्यांसह उतरवून घ्या. मग आम्ल नसलेला, जेलसारखा पेंट रिमूव्हर दोन इंचांच्या कोपऱ्यावर लावून पाहा. दगडावर डाग उमटला नाही तरच पुढे जा. रंग फुगला की लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, अक्षरांतला मऊ ब्रशने काढा. हातमोजे घाला, दारे-खिडक्या उघड्या ठेवा. शेवटी दगड ओला करून साध्या पाण्याने खालून वर धुवा. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडात मुरतात. फलकाच्या कडा सिमेंटने भरू नका, त्यातले क्षार दगडात शिरून पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा वापरा.

कामी आलेल्यांच्या नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोधा. पहिल्या महायुद्धासाठी तिथे ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू धरले आहेत. बऱ्याच नोंदींत वडिलांचे व गावाचे नाव असते, पण इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून. 'जाधव' चार-पाच तऱ्हांनी लिहून पाहा. जिल्हा सातारा धरा, कारण वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके १९४९पर्यंत साताऱ्यात होते. पलटण माहीत नसेल तर १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी चाळा. यांतल्या १०३, ११० आणि ११७ मेसोपोटेमियातल्या (आजचा इराक) कुत शहराच्या वेढ्यात होत्या. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि समाधी नसलेल्या शिपायांची नोंद बसरा स्मारकाखाली सापडते.

मिळालेली नावे जुन्या दगडावर कोरू नका. शेजारी वेगळी पाटी लावा आणि गाव व वडिलांचे नाव दोन्ही जुळतील तेवढीच नावे तिच्यावर घ्या.