फोटोग्राफी नवीनच शिकतोय, पण फोटो दाखवले की लोक चुकाच काढतात. कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांपूर्वी जुना कॅमेरा घेतला, गावातलेच फोटो काढता, आणि दाखवले की कोणी ‘मस्त’ म्हणून मोकळा होतो, तर कोणी इतक्या चुका सांगतो की कॅमेरा परत विकून टाकावासा वाटतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला. घरची शेती आहे, २०१९ पासून फावल्या वेळात फोटो काढतो. जे काही येतं ते बोलणी खाऊनच आलंय, म्हणून लिहायची हिंमत करतो.

पहिली बोलणी पोळ्याला बसली. कॅमेरा येऊन पंधरा दिवस झाले होते. आमच्या आळीतल्या एका आजोबांची जोडी गावात सगळ्यात देखणी. खांदेशेकणी झालेली, शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. तोरणाखाली बैल उभे होते, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, चालू होत्या, मी गर्दीतून वाट काढत बैलाच्या अगदी तोंडाशी जाऊन फोटो घेतले. पोळा फुटल्यावर फोटो मोबाईलवर घेऊन मोठ्या तोऱ्यात आजोबांना दाखवायला गेलो. त्यांनी मोबाईल लांब धरून पाहिला.

“काऊन गा, शिंगं कुठी गेले बैलाचे?”

शिंगांची टोकं वरून कापली गेली होती. मी म्हटलं, आजोबा, क्लोजअप आहे.

“अन् पाय? गाऱ्यात फसला का बैल? तोंड पाह्य, हत्तीएवढं. मागून बकरी. असा बैल बाजारात नेला तं फुकटात कोणी नेणार नाही.”

तेव्हा राग आला. आयुष्यात कॅमेरा हातात न धरलेला माणूस मला काय शिकवणार, असं वाटलं. पण त्या रात्री फोटो मोठा करून पाहिला तर खरंच, बैल नव्हताच तो. सगळी चेहरेपट्टी पुढे आलेली आणि मागचा भाग आटलेला. कारण नंतर कळलं. माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची लेन्स होती. ती १८ वर, म्हणजे सगळ्यात जास्त रुंद दिसेल अशी, ठेवून मी हातभर अंतरावरून फोटो घेतला होता. इतक्या जवळून नाक आणि शेपूट यांच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरात फारच तफावत पडते, म्हणून नाक फुगतं. दोष लेन्सला देतात, पण खरा खेळ अंतराचा असतो. दहा-बारा पावलं मागे सरका, लेन्स ५५ वर न्या, बैलाच्या पोटाच्या उंचीला खाली बसा, की खांदा, वशिंड, पाय सगळं आपापल्या मापात येतं. पुढच्या पोळ्याला तसंच केलं. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, याची एक कॉपी दे.

हे एवढं रंगवून सांगायचं कारण असं की आजोबांना आजार दिसला होता, औषध माहीत नव्हतं. अडाणी म्हणून त्यांचं बोलणं झटकलं असतं तर आजही बैलांच्या बकऱ्या करत बसलो असतो. ज्याला विषय कळतो, त्याला फोटोतली खोट आधी दिसते. बैलाचा फोटो बैलवाल्याला, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, फोटो वेचणाऱ्या बाईला, भाकरीचा फोटो आईला दाखवा. ‘खटकतंय’ एवढं तिथून घ्या. का खटकतंय, ते कॅमेरा चालवणाऱ्याला विचारा.

असा कॅमेरा चालवणारा मला तालुक्याला भेटला. लग्नाचे फोटो काढणारे स्टुडिओवाले काका. सीतादही, म्हणजे कापूस वेचायला लागताना वावरात करतात ती पूजा, होऊन वेचणी लागली होती, मी आमच्याच वावरात वेचणाऱ्या बायांचे शंभरेक फोटो काढले. त्यातले दहा निवडून ४×६ च्या प्रिंट काढायला त्यांच्याकडे गेलो. काकांनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, “कापूस भिजला होता का?”

नव्हता भिजला. पण फोटोत तो मळक्या गोणपाटासारखा करडा दिसत होता. काकांनी जे सांगितलं ते कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मला कधी सापडलं नव्हतं. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कापूस आणि म्हैस यातला फरक कळत नाही. समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं आहे, असं धरून ते हिशोब करतं. समोर पांढरं वावर आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, ते कमी करतं. कापूस मळतो आणि बाईचा सावळा चेहरा तर पार काळवंडतो. म्हशीच्या वेळी उलटं. काळी म्हैस राखाडी होते आणि मागचं आभाळ पांढरं फटक. त्यामुळे कापसाला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबापेक्षा उजेड कमी-जास्त करायची सोय) एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट, म्हशीला एक स्टॉप खाली, म्हणजे निम्मा, तिथून पुढे स्क्रीनवर बघत बघत कमी-जास्त. मी म्हटलं, पण दुपारी वर नेलं की कापूस जळून नुसता पांढरा डाग होतो. तर म्हणाले, “मग दुपारी कायले जातं?”

पुढचं त्यांनी दुकानातच दाखवलं. नवरीचा फोटो काढताना बाजूला पांढरा थर्मोकोल उभा करतात, उजेड त्यावर आपटून चेहऱ्यावर येतो. “तुह्याजवळ तं अख्खं वावर थर्मोकोलाचं हाय.” हे डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाया वेचलेला कापूस वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ओतत होत्या, ऊन तिरपं झालं होतं. आमच्या काकू ढिगाशी बसून कमरेची ओटी सोडत होत्या. ऊन ढिगावर, आणि ढिगावरून उलटून त्यांच्या हनुवटीखाली, पदराच्या आत. कपाळावरची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती, पण कुठेच काळोखी नव्हती. मी दोन वर्षं कॅमेरा घेऊन त्या धुऱ्यावरून जात होतो, हा उजेड कधी पाहिला नव्हता.

काकांनी त्या गठ्ठ्यात बाकीही बरंच काढलं. हात हललेले, कारण शटर १/६० सेकंदावर होतं आणि वेचणाऱ्या बाईचा हात काही थांबत नाही. तिथे १/२५० च्या खाली जाऊ नको म्हणाले. फोकस डोळ्याऐवजी पुढच्या बोंडावर. एकीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. हे तुम्हालाही लोक सांगतील, आणि ते बरोबरच असेल. पण सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. मी एका महिन्यात फक्त ‘डोक्यामागे काय आहे’ एवढंच बघितलं. पुढच्या महिन्यात फक्त शटर.

आता कुणाचं सोडून द्यायचं. ‘मस्त’, ‘एक नंबर’ वगैरे तर उघडच आहे, त्यात प्रेम असतं, माहिती नसते. ‘चांगला कॅमेरा घे’ हेही सोडा. पण एक सल्ला मला बराच महागात पडला. शहरातल्या एका ओळखीच्या माणसाने, जो स्वतः बऱ्यापैकी फोटो काढतो, माझे फोटो पाहून सांगितलं की यात विदर्भ दिसत नाही. शेतकरी हसतोय कसा? भेगाळलेली जमीन घे, म्हातारा घे, आभाळाकडे बघायला लाव, रंग काढून टाक. मी ऐकलं. आमच्याच शेजारच्या काकांना एप्रिलमध्ये भेगा पडलेल्या वावरात उकिडवं बसवलं, वर बघायला लावलं. फोटो लोकांना फार आवडला, खूप जणांनी पुढे पाठवला. काकांनी पाहिला आणि विचारलं, “माह्या वावराले काय झालं?”

काही झालं नव्हतं. आमची काळी माती ओलीने फुगते आणि वाळली की आकसते, दर उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चांगल्या पिकाच्या वर्षीही पडतात. आदल्या हंगामात त्या वावरात तूर उत्तम झाली होती. इथे दुःख नाही असं मी म्हणत नाही, ते आम्हाला कुणी सांगायला नको. पण त्या फोटोतलं दुःख मी बसवलेलं होतं. तो फोटो मी नंतर काढून टाकला, तरी अजून कुठून तरी फिरत येतो. तेव्हापासून ठरवलं की फोटोत जे आहे त्याबद्दल कोणी बोलत असेल तर ऐकायचं, आणि त्याच्या मनात आधीपासून असलेला फोटो माझ्याकडून काढून घेत असेल तर चहा पाजून विषय बदलायचा.

दाखवायच्या पद्धतीबद्दलही थोडं. मोबाईलवर दाखवू नका, लोक अंगठ्याने ढकलत जातात. पाच-सहा प्रिंट काढून हातात द्या. कागद हातात आला की माणूस आपोआप उजेडाकडे सरकतो, नीट बघतो. ‘कसा आहे?’ विचारलं की ‘चांगला आहे’ हेच उत्तर येणार, कोण वाईटपणा घेतो? त्यापेक्षा ‘यात काय दिसतं?’ असं विचारा आणि गप्प बसा. मी एकदा नाल्यावर पाणी पिणाऱ्या बगळ्याचा फोटो दाखवला, तर चार जणांनी सांगितलं की प्लास्टिकची बाटली दिसते. मला ती काढताना दिसलीच नव्हती! समजावत बसलो असतो की तेव्हा उजेड कसा होता, बगळा कसा उडणार होता, तर बाटली कुणी सांगितलीच नसती.

आणि ज्यांचा फोटो काढला त्यांना प्रिंट द्याच. काकूंना तो ढिगाजवळचा फोटो दिला तेव्हा त्यांनी उजेडाबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणाल्या, “आधी सांगतलं असतं तं धडाचं लुगडं नेसली असती.” आता मी आधी सांगतो.