'दाइजोबु' म्हणू नकोस

प्रिय मुली,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. म्हणजे तुझ्याकडे, जपानात, पहाटेचे पाच. तू झोपलीच नसणार. 'मी काहीच चुकीचं केलं नाही, सेन्सेई, तरी परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं.' आणि आता तू ज्या जपानी कुटुंबात राहतेस त्यांनी महिनाअखेरीला पुन्हा त्यांच्या आजीकडे साइतामाला बोलावलंय, तर परीक्षेचं निमित्त सांगू का, असं विचारतेस.

नाही. जायचं.

तुझ्या मेसेजमध्ये 'दाइजोबु', म्हणजे 'ठीक आहे, नको', किती वेळा आलंय ते मी मोजलं. सात वेळा. सूप देऊ का? दाइजोबु. आधी आंघोळीला जातेस? दाइजोबु. युकाता नेसवू? दाइजोबु. बोन-ओदोरीच्या नाचाच्या रिंगणात येतेस? तरी दाइजोबुच. आणि मग रात्री खोलीत बसून बॅगेतली बिस्किटं खाल्लीस.

अगं, आपल्याकडे 'नको' म्हटल्यावर खरी बोलणी सुरू होतात. पानावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्यानं 'एक तरी घ्याच' म्हणत बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची. तू त्या आग्रहाची वाट बघत होतीस. तिथे तू 'दाइजोबु' म्हणालीस की वाटी मागे जाते, आणि नेणारीला वाटतं, आपण हिच्या मनासारखं केलं. त्यांच्यातही भिडस्तपणा आहे, एन्र्यो म्हणतात त्याला. पण तुझा एन्र्यो कुठला आणि खरा नकार कुठला, हे ओळखायला त्यांना तीन आठवडे कसे पुरतील? ते एकदाच विचारतील. तेव्हाच सांग.

आंघोळीचंच घे. बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग टबात बसायचं, बूच काढायचं नाही, कारण तेच पाणी घरातल्या सगळ्यांना. हे जपानीच्या वर्गात घोकून घेतलंय तुमच्याकडून. पण पाहुणा पहिला जातो. तू लाजून दाइजोबु म्हणालीस आणि आजोबा, ऐंशीच्या घरातला माणूस, साडेदहापर्यंत खोळंबून बसले. हे तूच लिहिलंयस, 'आजोबा उगाच जागे होते' असं. उगाच नव्हते गं.

बाकी सगळं सोड, देव्हाऱ्यापाशी जे झालं ते मला लागलं. ओबोनचे, म्हणजे पितरांचे दिवस. आजीनं काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून बुत्सुदानजवळ, म्हणजे त्या देव्हाऱ्याजवळ, ठेवलेले तू पाहिलेस, 'क्यूट' म्हणून फोटोही काढलास. काकडी म्हणजे घोडा, पितरांनी लवकर घरी यावं म्हणून. वांगं म्हणजे गाय, परतताना सावकाश जावं म्हणून. भाद्रपदात आपण पान वाढून कावळ्याची वाट बघतो, त्यातलंच हे. आजीनं तुझ्यापुढे उदबत्ती धरली. आपल्या माणसांसमोर तुला उभं करत होती ती! आणि तू दोन पावलं मागे सरून म्हणालीस, दाइजोबु देसु. तुला पद्धत माहीत नव्हती, चुकेल अशी भीती वाटली, कबूल. मग तेच म्हणायचं: 'येत नाही, शिकवा.' उदबत्तीची ज्योत फुंकायची नाही, हातानं विझवायची. तुझ्या इथल्या आजीनं तुला समईच्या बाबतीत हेच शिकवलं असेल.

रागावतेय, कारण हे सगळं मी करून बसलेय.

१९९४ चा जुलै. आदल्या वर्षीचा उन्हाळा जपानात इतका थंड गेला की भाताचं पीक बुडालं आणि थायलंडहून तांदूळ आणावा लागला. त्यांना हवा चिकट भात. हा लांब, मोकळा तांदूळ कुणाला आवडेना. माझ्या ओकासानच्या, म्हणजे जपानात मी जिच्या घरी राहायचे त्या आईच्या, स्वयंपाकघरात तसली एक पिशवी कोपऱ्यात पडून होती. ती ओशाळून म्हणाली, हा काही तुला देण्यासारखा नाही. मुली, तीन महिने मी मोकळ्या भातासाठी आसुसले होते. त्या पिशवीकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. आणि मी काय म्हणाले असेन? बरोबर. तिनं माझ्यासाठी कुठूनतरी जपानी तांदूळ मिळवला, त्या टंचाईत.

मी शाकाहारी आहे हेही सांगितलं नाही. सूप वाटीत तसंच ठेवायचे. वर्ष संपताना दुसऱ्या कुणाकडून तिला कळलं. ती एवढंच म्हणाली, 'सांगितलं असतंस तर कोंबुचं केलं असतं.' कोंबु म्हणजे समुद्री शैवाल. पुण्याला आल्यावर सविस्तर पत्र लिहिणार होते. कांजी चित्राक्षरं नीट येत नव्हती, लग्न झालं, नोकरी लागली... ही कारणं मी इतक्या वेळा सांगितलीत की मलाही खरी वाटू लागलीत. मग एका डिसेंबरात करड्या किनारीचं पोस्टकार्ड आलं: घरात दुःख असल्यामुळे यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवत नाही.

तेव्हापासून मी तोंडावर सांगते. दुभाषी म्हणून काम करताना एका साहेबांनी मला फटकळ म्हटलं. म्हणू देत. पण माझ्यासमोरची सूपाची वाटी परत गेली नाही त्यानंतर कधी, आणि कुणाला रात्री जागवलंही नाही मी.

तर आता काय करायचं? सोमेन शेवयांबरोबरच्या त्सुयु रश्शात आणि मिसो सूपात मासा असतो, कात्सुओबुशी, दिसत नसला तरी. कोंबु किंवा सुक्या शिइताके अळंबीचा दाशि, म्हणजे सूपाचं मूळ पाणी, तुला चालतो. हे जायच्या आधी सांग, जेवायला बसल्यावर नाही. त्यांना त्रास होईल म्हणतेस? होऊ दे. तू गप्प राहून जो दिलास त्यापेक्षा कमीच होईल. मागच्या वेळेचं मोघम 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', नको. उदबत्तीचं नाव घेऊन बोल, आणि आजीला सांग की मला शिकायचंय. आंघोळीला बोलावलं की उठ. युकाता नेसवत असतील तर डावी बाजू वर येतेय ना बघ. उलटी फक्त मृतांना नेसवतात. ते चुकवणार नाहीत म्हणा, पण फोटोसाठी तू स्वतः गुंडाळशील, तुला ओळखते मी.

आज मला परत मेसेज करू नकोस. तुझ्या तिथल्या ओकासानला फोन कर.

तुझी,
सेन्सेई

ता. क. भाकरवडीचं पाकीट उरलं असेल तर आजीसाठी ने. तिखट आहे, हे मात्र फोडायच्या आधी सांग.