पाहुण्यांच्या नुकसानीची भरपाई आहेरात गुंडाळू नये

तुमच्या यजमानांच्या मोठ्या काकू मुंजीसाठी सांगलीहून पुण्याला आल्या, कोथरूडला तुमच्याकडे उतरल्या आणि मुंजीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पलंगावर काढून ठेवलेली पैठणी तुमच्या पाच महिन्यांच्या लॅब्रेडोरने, ब्रूनोने, ओढून चावली. पदरावरचा एक मोर फाटला आणि काठाची जर दोन ठिकाणी उसवली. काकू "असू दे गं, मुकं जनावर ते" एवढेच म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी साधी साडी नेसून मुंजीला आल्या आणि तुम्ही आग्रह केला म्हणून पैठणी तुमच्याकडे ठेवून परत गेल्या. यजमान म्हणतात की पैशाचा विषय काढला तर काकूंचा अपमान होईल. सासूबाई म्हणतात की दिवाळीला एक चांगली साडी द्यावी, म्हणजे विषय मिटेल. या दोन्हींत काहीतरी चुकते आहे असे तुम्हाला वाटते, आणि माझ्या मते तुमचे वाटणे बरोबर आहे.

साडीच्या आधी ब्रूनोविषयी एक तातडीची गोष्ट सांगते, कारण घटनेला अजून चारच दिवस झाले आहेत. रेशमाचे किंवा जरीचे लांब धागे त्याने गिळले असतील तर ते आतड्यात अडकून आतडे चुणीसारखे गोळा होऊ शकते आणि मग शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरत नाही. त्याला उलट्या होत असतील, तो खात नसेल किंवा पोटाला हात लावू देत नसेल, तर आजच पशुवैद्यांकडे न्या. तोंडातून किंवा शौचाच्या जागेतून धागा बाहेर आलेला दिसला तर तो ओढू नका. ओढल्याने आतल्या आत जखम होते.

आता काकूंच्या "असू दे" विषयी. आमच्या घरात गेली सव्वीस वर्षे कुत्री आणि मांजरे आहेत आणि आमच्याकडून पाहुण्यांच्या वस्तूंचे नुकसान एकापेक्षा अधिक वेळा झालेले आहे. त्या अनुभवावरून सांगते की "असू दे" ही त्या क्षणाची सभ्यता असते. तो हिशेबाचा निकाल नसतो. पाहुणा तुमच्या घरात, तुमच्या ताटावर बसलेला असताना दुसरे काय म्हणणार? उद्या घरात मुंज आहे, माणसे जमली आहेत, आपल्यामुळे वातावरण बिघडू नये, हे सगळे त्या एका वाक्यात असते. काकूंनी तुम्हाला त्या संध्याकाळपुरते मोकळे केले. त्या मोकळीकीला कायमची माफी समजणे म्हणजे त्यांच्या चांगुलपणावर आपले देणे ढकलून देणे होय.

माझी स्वतःची चूक याच्या उलट होती आणि ती तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते. पंधरा वर्षांपूर्वी माझे मामेसासरे कऱ्हाडहून एका लग्नासाठी आमच्याकडे आले होते. त्यांनी रात्री श्रवणयंत्र काढून दिवाणाशेजारच्या स्टुलावर ठेवले आणि पहाटे आमच्या गावठी कुत्रीने, चिंगीने, त्याचे तुकडे केले. कानाबाहेर काढलेले यंत्र चालू राहिले तर बारीक शिट्टीसारखा आवाज करते, आणि त्याला कानातल्या मळाचा वास असतो. त्यामुळे कुत्री या यंत्राकडे फार ओढली जातात, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळले. आम्ही आधी गुंडीसारखा सेल शोधला, कारण तो पोटात गेला असता तर तिच्या जिवावर बेतले असते. सेल सतरंजीखाली सापडला. मामांना ते लग्न मात्र काही ऐकू न येताच काढावे लागले. कानात बसणारा साचा कानाचे माप घेऊन करावा लागतो आणि तो एका दिवसात मिळत नाही. तीन दिवस ते माणसांत बसले, लोक बोलत राहिले आणि ते हसून मान हलवत राहिले. मला ते पाहवत नव्हते.

महिन्याभरात मी त्यांच्या जुन्या तपासणीच्या कागदावरून आधीच्यापेक्षा बरेच महाग यंत्र घेतले आणि न सांगता कऱ्हाडला नेऊन दिले. सगळ्यांनी कौतुक केले. मलाही हलके वाटले. सहा महिन्यांनी मामी फोनवर सहज बोलून गेल्या की ते कपाटात आहे, कारण त्यात भांड्यांचा आवाज मोठा येतो आणि माणसांचा येत नाही. जुन्या यंत्रावर आवाज कमी-जास्त करायची लहान चकती होती आणि मामांच्या अंगठ्याला ती सवयीची होती. नव्यावर ती नव्हतीच. आधीच्या कागदानंतर त्यांचे ऐकणेही बदललेले होते. मग मी पुन्हा गेले, त्यांच्यासोबत तज्ज्ञांकडे बसले, नव्याने तपासणी झाली, साचा नवा झाला आणि यंत्र त्यांच्या कानाला जुळेपर्यंत चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मामा म्हणाले, "तू मला तेव्हाच विचारलं असतंस, तर मी चकतीचंच माग म्हणून सांगितलं असतं." मी महाग वस्तू घेतली ती माझ्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून, त्यांना काय हवे आहे हे मी विचारलेच नव्हते.

म्हणून सासूबाईंचा सल्ला मला पटत नाही. दिवाळीला दिलेली साडी हा आहेर होईल, आणि आपल्याकडे आहेर कधी एकटा येत नाही. काकू ती साडी घेतील, आणि मग तुमच्या घरच्या पुढच्या कार्याला किंवा सणाला त्या तोलाचे काहीतरी तुम्हाला देणे त्यांना भाग पडेल. म्हणजे नुकसानही त्यांचेच आणि परतफेडही त्यांच्याकडूनच. शिवाय फाटलेल्या पैठणीचा उच्चारही न करता दुसरी साडी हातात ठेवली, तर तो विषय आता काढायचा नाही असे तुम्ही न बोलता सांगितल्यासारखे होते. देणे हे देणे म्हणूनच द्यावे. आहेर करायचा असेल तर तो वेगळ्या वेळी, वेगळ्या कारणाने करावा आणि या हिशेबात धरू नये. यजमानांची भीती मी समजू शकते, परंतु अपमान पैशाच्या विषयाने होत नाही. "किती झाले ते सांगा" अशा सुरुवातीने होतो.

सुरुवात साडीपासून करा. फोन करण्यापेक्षा शक्य असेल तर सांगलीला जाऊन या; पुण्याहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाआधी पोहोचता. तिथे बोलताना वाक्याचा कर्ता कोण आहे याकडे लक्ष द्या. "ब्रूनोने तुमची पैठणी फाडली" असे म्हटले की दोष जनावराकडे जातो आणि मोठ्या मनाच्या माणसाला "मुकं जनावर" याखेरीज उत्तर उरत नाही. त्याऐवजी असे म्हणा: "काकू, पिल्लू दात येण्याच्या वयात आहे हे आम्हाला माहीत होतं, तरी तुमच्या खोलीचं दार आम्ही उघडं ठेवलं. तुमची साडी आमच्या हलगर्जीपणानं फाटली आणि मुंजीला तुम्हाला ती नेसता आली नाही. ती नीट करून आणायची जबाबदारी आमची आहे." दुसरे वाक्य गाळू नका. मुंज पुन्हा होणार नाही आणि त्या दिवसाची भरपाई कोणत्याच रकमेत बसत नाही, म्हणून निदान तिचा उच्चार तुमच्या तोंडून झाला पाहिजे.

मग ती पैठणी कोणाची, कधीची, हे त्यांना विचारा आणि शांतपणे ऐका. ती लग्नातली असेल, काकांनी घेतलेली असेल, त्यांच्या आईची असेल, तर नवी साडी हा उपायच नाही आणि दुरुस्ती कितीही महाग पडली तरी तीच करायला हवी. उलट ती दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली असेल, तर कदाचित त्यांनाच दुरुस्त केलेली साडी नको असेल. हे त्यांच्याखेरीज कोणीच ठरवू शकत नाही.

तोपर्यंत साडीला पाणी लावू नका आणि घरी धुण्याचा तर विचारही करू नका. लाळेचा ओलावा राहिला असेल तर कोरड्या सुती कापडाने नुसता टिपा. लोंबणारी जर कापू नका, ओढून सरळ करू नका. फाटून पडलेले बारीक तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी, कागदात जपून ठेवा. फाटलेल्या जागेवर घडी पडू न देता साडी मलमलीत सैल गुंडाळा.

दुरुस्ती कुठे करायची हे साडीच्या विणकामावर ठरते. हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर आणि मुनिया (लहान पोपट) वेगवेगळ्या रंगांचे रेशीम एकमेकांत गुंतवून विणलेले असतात, त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी जवळपास तशीच दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. काकूंची पैठणी हातमागाची असेल तर लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या, पैठणी ठेवणाऱ्या दुकानांत दाखवून विचारा. तिथून रफूगाराचा किंवा विणकराचा पत्ता मिळतो. काठाची उसवलेली जर चांगला रफूगार बसवू शकतो. तो बहुधा साडीच्या आत खोचल्या जाणाऱ्या टोकाचे धागे काढून तेच वापरतो, म्हणजे रंग आणि जुनेपणा जुळतो, पण त्यासाठी काकूंची परवानगी आधी घ्या. मोर जर खरोखर फाटला असेल तर ते काम विणणाऱ्या हाताचे आहे, आणि त्यासाठी नगर, शिर्डी, कोपरगाव करत येवल्यापर्यंत जावे लागले तरी जा. कुरियरने पाठवू नका. काम करणाऱ्याने "जोड थोडा दिसेल" असे सांगितले तर ते काकूंना काम सुरू होण्याआधी कळवा.

दुरुस्ती होणार नाही असे ठरले तर रकमेचा प्रश्न येतो. विमा कंपनी वस्तूचे वय पाहून किंमत कमी करते. घरात ती पद्धत आणू नये. काकूंची साडी वीस वर्षांची असली तरी आज तशीच हातमागाची पैठणी घ्यायला जे लागेल तेच तुमचे देणे आहे. ती किंमत दहा-बारा हजारांपासून लाखाच्या पुढेही जाऊ शकते, म्हणून तुम्ही दोघे आधीच बसून ठरवा. एकदम झेपत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि हप्त्यांनी द्या. मोठ्या रकमेची लाज वाटून लहान वस्तू देण्यापेक्षा ते कितीतरी सरळ आहे. निवड काकूंना करू द्या. त्यांना दुकानात घेऊन जा, किंवा त्या येवल्याला यायला तयार असतील तर तिथे न्या. पैठण आणि येवल्याच्या पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या भागातल्या अस्सल मालालाच ते नाव लावता येते, तेव्हा हातमागाची खात्री करून पावती काकूंच्या नावावर घ्या. मनासारखी विणून घ्यायची असेल तर काही महिने लागतात, हेही त्यांना आधी सांगा.

त्या ठाम नकार देतील हे गृहीत धरा. एकदा नकार आला की पाया पडून आग्रह करू नका, पण विषय बंदही करू नका. "तुम्ही आमच्यावर रागावला नाहीत हे आम्हाला कळतं, पण हे आमचं देणं आहे, निदान दुरुस्तीचं काम आम्हाला करू द्या," असे म्हणा. दुरुस्तीला बहुतेक माणसे हो म्हणतात, कारण त्यात त्यांना काही घ्यावे लागत नाही, त्यांचीच वस्तू परत येते. दुसऱ्यांदा, आठवड्याने, यजमानांनी काकूंशी एकट्याने बोलावे. ते त्यांच्या घरचे आहेत आणि सुनेला जे सांगता येत नाही ते पुतण्याला सांगता येते. त्यानंतरही त्या नाहीच म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय आहे आणि तो मानावा. मागच्या दाराने पाकीट ठेवून येऊ नये.

अशा वेळी नकार देण्याची ताकदच नसलेल्या पाहुण्याची मला अधिक काळजी वाटते. माझ्या मुलाच्या वर्गमित्राचा लॅपटॉपचा चार्जर आमच्या पिल्लाने कुरतडला, तेव्हा तो मुलगा घाबरून गप्प राहिला आणि चार दिवस मित्राचा चार्जर वापरत होता. तिथे विचारणे, ऐकणे, वाट पाहणे यातले काहीच योग्य नव्हते. त्याच संध्याकाळी नवा चार्जर घेऊन त्याच्या आईला फोन करणे हेच करायला हवे होते, आणि मला ते चार दिवस उशिरा कळले याचे वाईट वाटते.

ब्रूनोला मारले असेल तर पुन्हा तसे करू नका. गोष्ट घडून काही मिनिटे झाली की कुत्र्याला शिक्षेचा संबंध लागत नाही. त्याला फक्त तुमचा राग कळतो. पाहुण्यांसमोर त्याला मारले की त्याची समजूत घालण्याचे काम उलट पाहुण्यावर पडते. पाच महिन्यांच्या पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येत असतात, हिरड्या शिवशिवतात आणि ते समोर येईल ते चावते. सातव्या महिन्याच्या सुमारास दात येऊन होतात, चावण्याची खोड मात्र त्यानंतरही काही काळ राहते. थंडगार गाजर, चावायची खेळणी आणि बंद दार एवढ्यावर हा काळ निघतो. पुढचा पाहुणा येण्याआधी त्याला घरात पिल्लू आहे हे फोनवर सांगा आणि त्याच्या खोलीत किल्लीचे कपाट रिकामे करून द्या. चष्मा, श्रवणयंत्र, औषधे आणि पासपोर्ट त्यातच ठेवायला सांगा. औषधांचे तर विशेष, कारण माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषासारख्या ठरतात.

साडी नीट होऊन आली की ती तुम्ही दोघांनी स्वतः नेऊन द्या. काकूंनी घडी उलगडून पदर उजेडात पाहीपर्यंत थांबा, आणि जोड त्यांना खटकला तर तिथेच पुढचे बोलणे करा. त्या दिवशी ब्रूनोला पुण्यालाच ठेवा. त्याला का आणले नाही असे काकूंनी आपणहून विचारले, तर पुढच्या खेपेला न्या.