रजा मोठी, तरी ओढाताण का?

प्रश्न : आमच्या कंपनीने बाळंतपणाची रजा वाढवली. तरी कामावर परतलेल्या आया आधीइतक्याच दमलेल्या दिसतात. मी कर्मचारी समितीवर आहे. धोरणात नेमकं काय बघावं?

उत्तर : रजेचे आठवडे मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. तुम्ही दोन तारखा शेजारी-शेजारी मांडा : रजा संपते ती आणि पाळणाघर मुलाला घेतं ती. रजा सहाव्या महिन्यात संपली आणि पाळणाघर वर्षाच्या आतलं मूल घेत नसेल, तर मधले सहा महिने आजी-आजोबा, साठवलेल्या सुट्ट्या आणि बिनपगारी रजा यांवर ढकलावे लागतात. दमछाक होते ती इथे. जर्मनीने हे सांधे जुळवायचा प्रयत्न केला. 2007 पासूनचा पालकभत्ता मुळात 12 महिन्यांचा, दोघांनी वाटून घेतला तर 14. आणि ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघराचा कायदेशीर हक्क. जागा मात्र अजून कमी पडतात; हक्क मिळाला म्हणून पाळणा मिळतोच असं नाही.

दुसरं, पैसे कोण देतं? सगळा भार मालकावर टाकला की तो तरुण बायकांना नोकरी देतानाच कचरतो. म्हणून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा 183 क्रमांकाचा करार किमान 14 आठवडे रजा आणि पगाराच्या निदान दोन-तृतीयांश भत्ता सांगतो, तोही शक्यतो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून.

‘पालकांचे लाड, बाकीच्यांना भुर्दंड’ हा आक्षेप बैठकीत येणारच. 22 देशांची तुलना करणारा 2016 चा एक अभ्यास हाताशी ठेवा. मूल असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या समाधानातली दरी अमेरिकेत सर्वांत मोठी दिसली. भरपगारी रजा आणि पाळणाघराला अनुदान जिथे चांगलं, तिथे दरी कमी होती. मूल नसलेल्यांचं समाधान त्यामुळे घटलेलं नव्हतं.

प्रश्न : आमच्याकडे बाबांनाही रजा आहे, पण कुणी घेत नाही. पुरुषांना नकोच असते का?

उत्तर : तसं म्हणून मोकळं होऊ नका. रजा दोघांत सामाईक असली की ती आईच्याच खाती जाते. नॉर्वेने 1993 मध्ये चार आठवडे फक्त बाबांसाठी राखले, ‘घ्या नाहीतर गेले’ या अटीवर. त्याआधी बोटांवर मोजण्याइतके बाबा रजा घेत; काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले. स्वीडनमध्ये पालकांच्या रजेच्या 480 दिवसांपैकी आई-बाबांचे प्रत्येकी 90 दिवस एकमेकांना देता येत नाहीत.

राखीव रजेचा भत्ता पगाराच्या प्रमाणात हवा. ठरावीक तुटपुंजी रक्कम दिली, तर ज्याचा पगार जास्त तो घरी बसत नाही, आणि तो बहुतेकदा बाबाच असतो. हेही पुरेसं नाही. जपानचा कायदा उदार, पण वरिष्ठ काय म्हणतील या धाकाने वर्षानुवर्षं फार थोड्या बाबांनी रजा घेतली. म्हणून अर्ज मंजुरीसाठी साहेबांकडे न जाता नुसता कळवण्यापुरता असावा.

रजेचे तुकडे करता येऊ द्या. स्वीडनने 2012 मध्ये पहिल्या वर्षातले 30 दिवस आई-बाबांना एकाच वेळी घेण्याची मुभा दिली, सुटे-सुटे घेतले तरी चालतील अशी. बाळंतिणीला ताप आला, बाळ रात्रभर रडलं, की बाबा दुसऱ्या दिवशी घरी. त्यानंतर बाळंतिणींमध्ये चिंतेवरच्या गोळ्यांचा वापर घटल्याचं संशोधकांना आढळलं. महिनाभर सलग रजेपेक्षा असे सुटे दिवस कधीकधी जास्त कामी येतात.

प्रश्न : अर्धवेळ काम मागावं का?

उत्तर : मागा, पण पूर्णवेळ परतण्याची तारीख लेखी घेऊन. नाहीतर पगार अर्धा, काम पाऊण आणि बढती नाही, अशी गत होते. जर्मनीत 2019 पासून 45 हून जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत, सहा महिने नोकरी झाली असेल तर, एक ते पाच वर्षं अर्धवेळ काम करून पुन्हा मूळ तासांवर येण्याचा हक्क आहे. असं कलम तुमच्याकडे नसेल, तर अर्जातच लिहा : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्याला इतके तास. कोणतं काम दुसऱ्याकडे जाणार, तेही नावानिशी लिहा.