दसरा झाला, धरण भरलेलं, मग मासे गेले कुठे? (वाचकांचे प्रश्न)

दसऱ्यापासून पत्रं आणि मेसेज यायला लागलेत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, धरण तुडुंब आहे, पाणी निवळलंय, हवा छान पडलीय, आणि गरीला मासा काही लागत नाही. म्हणून यावेळचं पान त्यालाच दिलं.

प्रश्न : काका, मी आणि माझा चुलतभाऊ मच्छीमार संस्थेची परवानगी काढून दर रविवारी रामटेककडे खिंडसीवर जातो. सप्टेंबरमध्ये काठापासून दहा-बारा फुटांवर रोहू लागत होते. आता तीन रविवार झाले, रिकाम्या हाताने परत येऊन राहिलो. जागा तीच, कणीक तीच, वेळही तीच, साडेआठ-नऊला पोचतो. चुकतंय कुठे? (हुडकेश्वर, नागपूर)

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातच उत्तर आहे. जागा तीच, कणीक तीच, वेळ तीच, पण पाणी ते राहिलेलं नाही.

पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा काठचं गवत, झुडपं, शेतातली धसकटं सगळं पाण्याखाली जातं, त्यात किडे, गोगलगायी, वाहून आलेली गांडुळं, कुजणारा पाला, म्हणजे माशासाठी पंगतच मांडलेली असते आणि तो पार गुडघाभर पाण्यात चरायला येतो. पाणी गढूळ असतं म्हणून त्याला तुम्ही दिसतही नाही. हस्ताचा पाऊस संपला, चित्रा लागली की हे सगळं उलटतं. गवत कुजून संपलेलं असतं, गाळ खाली बसतो, ऊन खोलवर जातं, आणि रामटेक-मौद्याकडच्या धानाला शेवटचं पाणी द्यायला नहर सुटलेली असते त्यामुळे पातळी रोज थोडी थोडी उतरते. पाणी उतरायला लागलं की मोठा मासा उथळात थांबत नाही. तो काठ सोडतो आणि जुन्या नाल्याच्या कडेला जाऊन राहतो, जिथे एका बाजूला उथळ आणि दुसऱ्या बाजूला एकदम खोल असतं, म्हणजे खायला वर यायचं आणि धोका वाटला की खाली सटकायचं.

आता हा बुडालेला नाला शोधायचा कसा? मी सगळ्यात आधी गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला विचारतो. पाणी उतरल्यावर तोच त्या जमिनीवर हरभरा, भाजीपाला घेतो, उन्हाळ्यात नाला कुठून वाहतो, मुरूम कुठे, दगड कुठे, पळसाची खुंटं कुठे, हे त्याला डोळे मिटून सांगता येतं. कुणी भेटलं नाही तर तंगुसाला, म्हणजे गरीच्या नायलॉन दोरीला, नुसतं शिसं बांधा, गरी लावू नका, लांब फेका आणि शिसं पाण्यात पडल्यापासून दोरी ढिली पडेपर्यंत मोजा. एक, दोन, तीन, चारवर ढिली पडली. दोन हात उजवीकडे फेका, पुन्हा चार. आणखी उजवीकडे, आणि इथे एकदम नऊ. ती कडा. तिथे बसा. या कामाला अर्धा तास लागतो आणि बहुतेक लोक हाच अर्धा तास द्यायला तयार नसतात, गाडी लावली की पहिलं गरी पाण्यात.

दुसरं म्हणजे कोणता मासा पाण्याच्या कोणत्या थरात खातो ते बघा. कतल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरातला. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाशी, चिखल उकरून खाणारे. दहा फूट पाण्यात तुम्ही गोळा तळाला टेकवून रोहूची वाट बघत असाल तर तो वरून निघून जातो. दोघं जाता ना, मग एकाने तळाला टाकायची, दुसऱ्याने तरंगा बांधून मध्यावर लोंबती ठेवायची, आणि तासाभरात कुणाला खेच येते ते बघून दुसऱ्याने बदलायचं.

वेळेचं सांगतो. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे दुपारी ३२-३३ डिग्रीचं ऊन असतं, त्यामुळे उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत आणि मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा सकाळचा खेळ संपत आलेला असतो. पण दिवाळीनंतर रात्री गार पडल्या की हेच उलटं होतं, थंडीत माशाची भूक मंदावते, पाणी जरा तापल्यावर म्हणजे दहा ते तीनमध्ये तो हलतो, तेव्हा पहाटे उठून कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. वारा असेल तर लाटा ज्या काठावर आपटतात तो काठ धरा, पाण्यावरचं बारीक खाद्य तिकडेच लोटलं जातं. बसायला बरं वाटतं म्हणून सगळे आडोशाच्या काठावर जातात, तिथे पाणी आरशासारखं असतं आणि मासाही नसतो.

आणि पाणी निवळलंय म्हणजे तुम्ही त्याला दिसता. पाठीमागून ऊन असेल तर तुमची लांब सावली पाण्यावर पडते. खाली बसा, झुडपाच्या आडोशाने बसा, बांधाच्या पाळीवरून धपधप चालू नका.

प्रश्न : आमच्या ऑफिसमधला एक जण म्हणतो की मोहाची ढेप कणकेत मिसळली आणि थोडी आजूबाजूला टाकली की मासे धावत येतात. खरं आहे का? किती प्रमाण घ्यावं? (उमरेड)

उत्तर : अजिबात टाकू नका. चिमूटभरही नाही. हात जोडून सांगतो.

मोहाच्या टोळीतून, म्हणजे बियांतून, तेल काढल्यावर जी ढेप उरते तिच्यात सॅपोनिन असतं, आणि ते माशासाठी विष आहे. ते माशाच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतं, मासा गुदमरतो आणि वर येतो. तुमच्या मित्राने जे "धावत येणं" ऐकलंय ते हेच असावं. मत्स्यशेतीत ही ढेप मुद्दाम वापरतात, बीज सोडायच्या आधी तळ्यातले नको असलेले मासे संपवायला, हेक्टरभर तळ्यात मीटरभर पाणी असेल तर साधारण २५०० किलो, आणि त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून, विष उतरल्यावरच नवीन बीज सोडतात. ते स्वतःच्या तळ्यात, हिशोबाने केलेलं काम आहे. पाण्यात विष कालवून मासे मारणं १८९७ च्या इंडियन फिशरीज ॲक्टपासून गुन्हा आहे.

मी लहान असताना आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात कुणीतरी रात्री ही ढेप पोत्याने ओतली होती. सकाळी पाळीवर गेलो तर पाणी पांढरं दिसत होतं, म्हटलं ऊन पडलंय. जवळ गेल्यावर कळलं की ती पोटं आहेत, बोटाएवढ्या डरवीपासून हातभर मृगळापर्यंत, उलटे पडलेले. मोठे दोन-चारशे त्या लोकांनी नेले होते, बाकीचे तसेच. ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, बायका काठावर बसून होत्या, कुणी बोलत नव्हतं, त्यांचं वर्षाचं पोट त्या तलावावर होतं. तो वास मी विसरलो नाही.

तुम्हाला ढेपच वापरायची तर जवसाची घ्या, आपल्याकडे सहज मिळते, नाहीतर शेंगदाण्याची. कढईत मंद भाजा, वास सुटला की उतरवा, बारीक करा, जेवढी ढेप तेवढीच कणीक, आणि पाणी थोडं थोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. घरीच एक चाचणी करा. बोराएवढा गोळा काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांत विरघळला तर कणीक वाढवा. वीस मिनिटांनी पण जसाच्या तसा टणक असेल तर ढेप वाढवा. दहा-पंधरा मिनिटं टिकून वरून हळूहळू सुटत राहिला, पाण्यात त्याचा धूर निघाल्यासारखा दिसला, की जमलं. त्याच पिठाचे संत्र्याएवढे चार-पाच गोळे, जरा भुसभुशीत करून, बसायच्या अर्धा तास आधी एकाच जागी टाका. दहा ठिकाणी टाकले तर मासा पण दहा ठिकाणी फिरतो.

प्रश्न : पहाटे गेलो तर शेकडो मासे तोंड वर काढून पाणी पिताना दिसले, गरी अगदी तोंडासमोर टाकली तरी एकही धरत नव्हता. असं का? (कळमेश्वर)

उत्तर : ते पाणी पीत नव्हते, त्यांचा श्वास कोंडला होता. रात्री पाण्यातल्या वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे उजाडायच्या सुमाराला तो सगळ्यात कमी असतो, आणि आदल्या दिवशी आभाळ असेल किंवा तलावात जलपर्णी माजली असेल तर फारच कमी होतो. अशा वेळी मासा खात नाही. ऊन वर आलं की आपोआप खाली जातात, मग नऊ-दहाला टाका. पण दहा वाजूनही ते वरच असतील तर गरी गुंडाळा आणि तलाव ज्या संस्थेकडे आहे तिथल्या माणसाला लगेच सांगा.

प्रश्न : काठच्या गवतात लाल-केशरी बारीक पिल्लांचा पुंजका दिसतो, खाली मोठी मरळ असते म्हणतात. तिथे रबरी बेडूक टाकला तर लागेल का? (पारशिवनी)

उत्तर : लागेल. आणि म्हणूनच टाकू नका. मरळ पिल्लं राखते, जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर भुकेपेक्षा रागाने तुटून पडते. ती गेली की तो सगळा पुंजका तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात. एवढ्यात बहुतेक मरळी मोकळ्या झालेल्या असतात, पुंजका नसलेल्या गवतात, कमळाच्या पानांच्या फटीत फिरवा बेडूक. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, तो बुडबुडा आणि पानाचं हलणं बघत बसायचं. चढणीच्या माशांबद्दलही माझं हेच म्हणणं आहे, जून-जुलैत अंडी घालायला नाल्यात चढणारा मासा मारायचा आणि ऑक्टोबरमध्ये मासे नाहीत म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

प्रश्न : तोतलाडोहला मोठे मासे आहेत असं ऐकतो. परवानगी कुठे मिळते? आणि फुटाळा, अंबाझरीचा मासा खावा का? (धरमपेठ)

उत्तर : तोतलाडोहला मिळत नाही. तो जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो, १९७५ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९९९ पासून व्याघ्र प्रकल्प, तिथे मासेमारी बंद आहे. कुणी "ओळख आहे, करून देतो" म्हणालं तरी जाऊ नका. बाकी बरीचशी धरणं आणि तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. पावसाळ्यात त्यांनी पैसे घालून बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडलेली असते, ती आपली नाही, त्यांची आहे. काठच्या गावात जाऊन संस्थेच्या माणसाला भेटा, जे काही शुल्क असेल ते द्या, आणि अर्ध्या किलोच्या आतला कतला-रोहू लागला तर सोडून द्या. हे माझं स्वतःचं माप आहे. पुढच्या वर्षी तोच दोन किलोचा होऊ शकतो.

शहरातल्या तलावांचा मासा मी खात नाही आणि घरच्यांनाही देत नाही. सांडपाणी येतं त्यात, आणि विसर्जन झालेल्या पाण्यात मूर्तींचा रंग असतो, निर्माल्य कुजून ऑक्सिजन खातं ते वेगळंच.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, बाबा नाहीत त्याचे, आजोबांकडून गरीच्या गोष्टी ऐकून हट्ट धरून बसलाय. मला यातलं काही येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत नेऊ का? (वर्धमाननगर)

उत्तर : ताई, नक्की न्या, आणि आजोबांना चालवत असेल तर त्यांनाही न्या. रील-बिल काही घेऊ नका. सात-आठ फुटांची बांबूची काडी, तेवढंच तंगूस, बारीक गरी, आणि तरंग्याला ज्वारीच्या धांड्याचा बोटभर तुकडा, तो पाण्यात उभा राहिलेला बघण्यातच पोरं गुंगून जातात. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा, म्हणजे बोटात गेली तरी सहज निघेल आणि माशालाही कमी फाटेल. चारा म्हणून कुंडीतलं गांडूळ, अर्धाच तुकडा.

सांडव्याजवळ आणि गेटच्या खाली अजिबात बसायचं नाही, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. पाळीच्या दगडांवर या दिवसांत शेवाळ असतं, त्यापेक्षा सपाट, मुरमाचा काठ बघा. पाय ठेवण्याआधी गवतात काठी आपटा. शिंगाळा लागला, मिशा आणि पाठीवर काटा असलेला, तर मुलाला हात लावू देऊ नका, तो काटा फार दुखतो, फडक्यात धरून तुम्ही किंवा आजोबांनी काढा.

बाकी डरव वगैरे बारीक मासा लागेल त्याला. लागला की आधी हात पाण्यात बुडवून ओले करायला सांगा, कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडल्यावर त्याला बुरशी धरते. मग ओल्या ओंजळीत घेऊन हात पाण्याखाली न्यायचा आणि बोटं उघडायची, तो आपला आपण जातो.